ओटीत गेलेली डायरी

कुठल्या तोंडाने सांगू, पण सांगते. पोलिसांना जे कायद्याने मिळत नव्हतं, ते मी हळदीकुंकू लावून दिलं!

तेव्हा आम्ही बेलापुरात राहायचो. हे वर्तमानपत्राला बातम्या पाठवायचे. रेशनचं रॉकेल परस्पर विकलं जातं, ही यांची बातमी गाजली आणि ती फोडणाऱ्याचं नाव फौजदारांना हवं झालं. नाव होतं यांच्या नव्या डिजिटल डायरीत, गुप्त आकड्याच्या कुलपात. तो बिचारा त्याच रेशनच्या दुकानात माप घालायचा. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता.

हे बजावून गेले, "लेखी आदेशाशिवाय डायरी द्यायची नाही. कायदा आपल्या बाजूने आहे."

मी म्हटलं, लक्ष्मीही आहे की! मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, माझ्या व्रताचं उद्यापन. सवाष्णींसाठी पाच पोथ्या एकेका खणात गुंडाळून देवापुढे ठेवलेल्या. डायरीही तशीच गुंडाळून त्यांच्यात सारली. देवघरात कोण हात घालणार?

चार सवाष्णी आल्या, पोथी तिथेच उघडून वाचून गेल्या. पाचवीचा पत्ता नाही. तेवढ्यात दारात महिला पोलीस, डायरी मागायला! मी कागद विचारला, तशी ती ओशाळली.

"कागद न्हाई वहिनी. सायबांनी नुसतं इचारून ये म्हटलं. जाते मी."

मी अशी काही फुगले म्हणता! आणि मग नजर गेली तिच्या मंगळसूत्राकडे. आता तुम्हीच सांगा, उद्यापनाला दारातली सवाष्ण रिकामी पाठवायची? बसवली, दूध दिलं, ओटी भरली, वर खणातली पोथी. खाकीतच वाकून नमस्कार करून गेली बाई.

संध्याकाळी हे आले. उरलेला खण सोडला, तर आत पोथी!

तसेच चौकीवर धावलो. त्या माप घालणाऱ्याची लेकरं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. फौजदार डायरीकडे टक लावून बसलेले, बाई मात्र ठाम.

"सायेब, ही जप्ती न्हाई, माझ्या ओटीत आलंय. कागदाबिगर उघडायचं न्हाई. वहिनी, ही घ्या, माझी पोथी द्या."

डायरी हातात आली आणि मला रडूच फुटलं. त्याच भरात बोलून गेले, "बाई गं, उघडली नाहीत ते बरं झालं. कुलूप तरी कसलं, आमच्या लग्नाची तारीख!"

फौजदारांनी मान वर केली. यांनी डायरी माझ्या हातातून काढून खिशात घातली.

वाटभर हे खिशावर हात दाबून चालले. घरी येऊन पाठमोरे बसले आणि आकडा बदलला. मी हळूच विचारलं, "नवा काय ठेवलात?"

"लेखी आदेश आण," हे म्हणाले.