बोंडूचा डाग

माझा धाकटा भाऊ बोटीवर कामाला आहे. वर्षातून एकदा तो आमच्या गावी, सर्वणला, घरी येतो आणि आमच्याकडे सण सुरू होतो. पाववाल्या पोदेराकडून जास्तीचे उंडे येतात, बाजारातली महागडी विसवण मासळी येते, पंखा दिवसभर फिरतो. मी वर्षभर याच घरात असतो. सकाळी मोटरसायकलवरून तुयेची फॅक्टरी, संध्याकाळी परत, मग आईची औषधं, आईचा गुडघा, आईची कटकट. माझ्यासाठी विसवण कोणी आणत नाही. त्याच्यासाठी आणतो तो मीच.

मला त्याचा हेवा वाटतो. चाळिशी उलटली तरी वाटतो आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

लाकडी घडीचा मोठा कॅमेरा त्यानेच परदेशातून आणला. त्यात पोस्टकार्डाएवढी एकेक सुटी फिल्म घालायची. पण फिल्म धुवायचं काम माझं, कारण भावाला तेवढा दम नाही. मी वापरतो तो डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं औषध, डाग पाडणारा आहे. तो फिल्मवर चित्र तर उमटवतोच, पण चित्रात जिथे जिथे चांदी बसते तिथे तिथे हिरवट-तपकिरी रंगही सोडतो. त्या रंगामुळे छापताना उजळ भाग भगभगीत होत नाहीत, पिकलेला केस न् केस सुटा दिसतो. औषध विषारी, त्यामुळे हातमोजे हवेतच. आणि ओली फिल्म दुधावरच्या सायीसारखी, नख लागलं की गेली. हे सगळं मी अंधारात सांभाळतो आणि बाहेर लोक म्हणतात, काय फोटो काढतो हो तुझा भाऊ!

गेल्या काजूच्या दिवसांत आई एका शेजारणीच्या बाराव्याला जाऊन आली ती तणतणतच. हार घातलेला फोटो कुठल्याशा लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला होता आणि बाईच्या खांद्यावर कोणाचा तरी हात तसाच राहिला होता.

"माजो फोटो आताच काडून दवरा," ती म्हणाली. "मागीर तुमी असोच खंयचोय कापून लावतले."

भाऊ आठवड्यात परत जाणार होता आणि डब्यात दोनच फिल्म उरल्या होत्या. ठरलं असं की एक त्याने काढायचा, एक मी काढायचा, आणि आईला आवडेल तो भिंतीवर लागायचा. भावाला ती गंमत वाटली. मला वाटली नाही. ती गेल्यावर ज्या चेहऱ्याकडे बघत मला या घरात राहायचं आहे, तो माझ्याकडे बघणारा असावा एवढंच मला हवं होतं.

पहिला फोटो मी काढला. आई अंगणात खुर्चीवर बसली ती आधार कार्डाला बसावं तशी. "आटप रे, डाळ लागतली," म्हणाली. मग भाऊ काळ्या कपड्यात डोकं घालून आतून काहीबाही बडबडायला लागला आणि आई पदर तोंडाला लावून हसली. त्याने पदर खाली घ्यायला लावला. डाळीची आठवण तिला मग राहिली नाही.

दुपारी जेवण झाल्यावर मी अंधार करायला न्हाणीच्या जनेलात, खिडकीत, गोधडी कोंबली. पाणी तापलेलं होतं, फ्रिजमधला बर्फ घालून ते जागेवर आणलं. अंधारात दोन्ही फिल्म सारख्याच लागतात, म्हणून भावाच्या फिल्मचा कोपरा कातरून ठेवला होता. ट्रेमध्ये खालची वर, वरची खाली करताना तो कातरलेला कोपरा दर वेळी बोटाला लागायचा. नुसतं नख फिरवलं असतं तर काम झालं असतं, कोणाला कळलंही नसतं. पण काम ते काम. मी दोन्ही फिल्म सारख्याच जपून धुतल्या आणि त्याची माझ्याहून सरस उतरलीय हे उजेडात आल्याबरोबर बघितलं.

दोन्ही दोरीवर चिमट्यांनी टांगल्या. आई डोकावली. "बाबाचो खंयचो?" भाऊ म्हणजे बाब. मी म्हणजे अरे. मी कातरलेल्या कोपऱ्याची फिल्म दाखवली.

मग बाबाला संध्याकाळी वडापाव हवा, म्हणून तिने मला पाव आणायला पिटाळलं. बाब घोरत होता.

परत आलो तर आई न्हाणीत मोरीपाशी बसलेली, हातात साबण आणि भावाची फिल्म. काजूच्या दिवसांत घरातल्या कपड्यांना बोंडूच्या रसाचे डाग पडतात, ते वाळले की जात नाहीत, ओले असतानाच घासावे लागतात. औषधाचा रंग तिला तसलाच डाग वाटला आणि तिने तसंच घासलं होतं. डाग जागचा हलला नव्हता. हसणारा चेहरा मात्र आडव्याउभ्या ओरखड्यांखाली गेला होता. माझी फिल्म दोरीवर होती तशीच होती.

"बाबाच्या फोटोक डाग पडलो व्हतो मरे," ती म्हणाली. "ओलो आसताना धुतलो तर वता."

"आणि माझ्यावर डाग नव्हता?"

"तुजो तू धुतलो आसतो. तू हांगाच आसा न्हय?" मी इथेच, हे खरं.

मी जिंकलो. माझा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय, पांढरा केस न् केस दिसतो, आणि आई डाळीच्या घाईत आहे. येणारेजाणारे वाखाणतात. काय फोटो काढतो तुझा भाऊ, असंच म्हणतात.

निघताना भावाने ती ओरखडलेली फिल्म मागितली. छापायची नाही, नुसती जवळ ठेवतो, आईने हाताने धुतलीय, म्हणाला. आई समोरच होती, "दी रे ताका," म्हणाली. आजवर तिने सांगितलं आणि मी त्याला दिलं नाही असं कधी झालं नव्हतं.

मी नाही म्हटलं. ती फिल्म माझ्या कपाटात आहे. उजेडात तिरकी धरली की ओरखड्यांत तिच्या बोटांची फिरकी दिसते. घासली त्याच्यासाठी, पण मी ती देणार नाही.