मंगळाची भिंत

आपलं यान मंगळापाशी पोहोचलं, त्या वर्षी मी उंद्रीच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातली एक भिंत मला दिली आणि मंगळावर आजवर गेलेल्या यानांची माहिती तिच्यावर लिहून घ्यायला सांगितलं. चिखलीहून पेंटर आला. एरवी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मी दिलेला कागद त्याने दोनदा वाचला.

"मॅडम, हे पडलेले काऊन लिहून राह्यल्या?"

पडलेली, चुकलेली, हरवलेली मिळून जवळजवळ निम्मी होतात, ती सोडली तर भिंत अर्धी रिकामी राहील, असं मी सांगितलं. हे कारण त्याला पटलं.

मुख्याध्यापकांना पटलं नाही. तपासणीला साहेब येणार होते. त्यांच्यापुढे अपयश नको म्हणून आदल्या दिवशी तेवढ्या ओळींवर चुना मारून घेतला. चुना पातळ होता. साहेबांनी बाकीच्या भिंतीकडे पाहिलंच नाही, चुन्याखालचं वाचत राहिले. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी हे कशानं गेलं ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. एका गटाने आकडे पौंडात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये धरले, आणि यान मंगळाच्या फार जवळ जाऊन नष्ट झालं.

साहेबांनी ओळीवरचं बोट काढून घेतलं.

"आमच्याकडं एकर-हेक्टरात असंच होतं," म्हणाले, आणि पुढच्या वर्गात गेले.

दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांनी त्या ओळी ऑइल पेंटने पुन्हा लिहून घ्यायला लावल्या.

त्यानंतर काही दिवसांनी बातमी आली. अकरा वर्षांपूर्वी उतरताना बेपत्ता झालेलं एक छोटं यान मंगळाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या यानाच्या फोटोंत दिसलं होतं. कोसळलेलं नव्हतं, धड होतं. मी पेंटरला फोन केला. रविवारी तो डबा-ब्रश घेऊन आला आणि, धड होतं तर मग इतकी वर्षं बोललं का नाही, असं त्याने विचारलं. यानाच्या पाकळ्यांसारख्या सौर-पट्ट्या पूर्ण उघडल्या नसाव्यात आणि अँटेना त्यांच्याखाली राहिला, असं मी सांगितलं.

"म्हंजे उतरलं होतं बराबर."

"हो."

"अन् आपण त्याले हरवलं म्हणून राह्यलो."

मी घरून एक लांबलचक वाक्य लिहून आणलं होतं. त्याने ते मागितलं नाही. 'हरवले' खरवडून काढलं आणि तिथे स्वतःच्या मनाने 'पोहोचले होते' असं लिहिलं. मी माझा कागद पर्समध्येच राहू दिला.