आठ तास कमी

न्यायाधीशबाईंना कोर्टातले कारकून पाठीमागे घड्याळबाई म्हणत. साक्षीदार जरा भरकटला की बाईंची पेन्सिल टेबलावर वाजे आणि समोरचा माणूस अर्धं वाक्य गिळून टाकी. बावीस वर्षांत सहा बदल्या झाल्या. वकिलांकडे जायचं नाही, गावात कुणाचं बोलावणं घ्यायचं नाही, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळलं. लग्न राहूनच गेलं. दुपारचा डबा त्या चेंबरमध्ये दार लोटून एकट्या खात.

न्यायाधीशांना वर्षाला चाळीस तासांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. बाईंचे आठ तास कमी भरले, तसं वरून पत्र आलं. इतके खटले तुंबलेत आणि मला या वयात शाळेत धाडतायत, असं शिरस्तेदारांपाशी कुरकुरत त्या गेल्या.

विषय होता साक्ष ऐकून घेणं. शिकवायला मानसशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांनी जोड्या लावल्या. एकानं पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं. दुसऱ्यानं मध्ये चकार शब्द न काढता ऐकायचं आणि मग ऐकलेलं परत सांगायचं. बाईंच्या वाट्याला नुकतीच नेमणूक झालेला एक तरुण न्यायाधीश आला.

पहिलं मिनिट बाई तुंबलेल्या खटल्यांवर बोलल्या. मग बोलण्यासारखं काही उरेना. तो नुसता बघत बसला होता. काय झालं कुणास ठाऊक, बाई आईबद्दल बोलू लागल्या.

वेळ संपल्यावर तो म्हणाला, "आई गेल्या त्या दुपारी तुम्ही कोर्टात होतात. भावाचा फोन तीनदा आला. चालू साक्ष संपवूनच उठायचं, असं तुम्ही ठरवलंत. ती साक्ष कशाची होती, ते आता तुम्हाला आठवत नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या. चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

पुढच्याच आठवड्यात सामाईक भिंतीच्या एका वादात एक म्हातारे गृहस्थ साक्षीला आले. भिंत राहिली बाजूला, ते वारलेल्या शेजाऱ्याच्या आठवणी सांगत सुटले. वकील उठले, तर बाईंनी हातानंच त्यांना खाली बसवलं. म्हातारबुवा वीस मिनिटं बोलले. त्या दिवशी दोनच खटले निघाले म्हणून शिरस्तेदारांनी कपाळाला हात लावला.

रविवारी सकाळी बाईंनी धाकट्या भावाला फोन लावला. आई गेल्यापासून दोघांचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

"ताई, काही काम होतं का?"

"नाही रे. तू बोल, मी ऐकतेय."

तो घोटाळला. गुडघा दुखतो म्हणाला, मुलगी परगावी नोकरीला लागली म्हणाला. आईचा विषय त्यानं काढला नाही. चार मिनिटांत बोलणं आटलं. फोन ठेवून बाई तिथंच बसून राहिल्या. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना कुणीतरी हसत होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा लावला, तर तो बाहेर गेला होता. भावजयीनं निरोप घेतला. त्यानंतरच्या रविवारी मात्र फोन त्याचाच आला.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुला तीनदा फोन केला होता."

बाईंनी त्याला बोलू दिलं.