नुसती बसून खाती म्हणं

बायांनो, मी सांगते अन् नात लिहिती, तवा चुका तिच्या.

आज सकाळी खुराडं झाडता झाडता सून म्हणली, “आत्याबाई, थंडी पडल्यापासून तांबडी कोंबडी अंडं देईना. नुसती बसून खाती. पाचोडच्या बाजारात इकून टाकू.”

मी शेजारीच उन्हाला चहा घेत बसलेली. म्हणलं, “कोणाला गं, तिला का मला?”

सून हसली. मला बी हसावं लागलं.

मग तिला समजावलं, दिवस लहान झाला की कोंबडी जुनी पिसं टाकती, अंडं थांबवती. होळीपर्यंत धीर धर, पुन्हा देईल.

सून “बरं” म्हणली. तांबडी वाचली.

माझा जीव मात्र टांगणीला लागला बघा. मला काय होळीला नवी पिसं येणार नायत.

तुमच्या घरी अंडं न देणारीला दाणे टाकत्यात का?