कुमुदिनीबाईंचा मुक्काम

कुमुदिनीबाईंना एक सवत होती. तिचं नाव धामणकोंड.

सवत म्हणजे गावच. पन्नासेक घरं, एक शाळा, एक ओढा, आणि पुढे रस्ता नाही. कुमुदिनीबाईंचे यजमान मोरेश्वरराव साळवी देवरूख डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते आणि त्यांच्या नोकरीतली उमेदीची वर्षं धामणकोंडच्या मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळी शेवटच्या गावाला पोचायचं, रात्री गाडीसकट तिथेच राहायचं आणि पहाटे पाचला पहिली गाडी म्हणून माघारी निघायचं. त्यामुळे एक रात्र नवरा धामणकोंडचा आणि एक रात्र कुमुदिनीबाईंचा, असा हिशेब. त्यातही कुमुदिनीबाईंच्या वाट्याला आलेला नवरा घोरत असायचा.

पण घरी आल्यावर, चहाच्या पहिल्या कपाला, तो जे सांगायचा ते ऐकण्यासारखं असायचं. "काल घाणेकर वहिनींनी कुळथाची पिठी केलीन. वर तुपाची धार! जेवून पारावर बसलो तर भजन असं रंगलं म्हणतेस…"

हनुवटीखाली हात धरून कुमुदिनीबाई ऐकत. वर्षानुवर्षं ऐकून त्यांच्या डोक्यात अख्खं धामणकोंड वसलं होतं. तिथल्या गाईगुरांचीसुद्धा त्यांना काळजी वाटे.

"एकदा मला न्या की हो मुक्कामाला."

"ड्युटीवर कोणी बायको नेतं का?"

"पॅसेंजर म्हणून येते. तिकीट काढून!"

"आणि रात्री राहशील कुठे?"

"घाणेकर वहिनींकडे. तुम्हाला पिठी घालतात, मला काय उपाशी ठेवतील?"

यावर मोरेश्वरराव घसा खाकरत आणि विहिरीला पाणी किती आहे ते बघायला जात.

पुढे ते निवृत्त झाले. धामणकोंडचा मुक्काम बंद झाला, गाडी संध्याकाळीच परत फिरू लागली. मग मोरेश्वररावांचे गुडघे, मग मुलगा प्रतीक याचं लग्न, मग त्याचं नेदरलँड्सला जाणं. धामणकोंड राहून गेलं ते गेलंच.

वीस सालच्या फेब्रुवारीत सून ऋजुता हिच्या बाळंतपणासाठी दोघं आल्मेरेला आली. डिंकाचे लाडू संपायच्या आत नात झाली, आणि नात घरी यायच्या आठवड्यातच जगाला कुलूप लागलं. विमानं बंद. सरकारने व्हिसा वाढवून दिला. मोरेश्वरराव काही वाढवून घ्यायला तयार नव्हते.

त्यांची मुख्य तक्रार देशाच्या आकाराबद्दल होती. "चढ नाही, उतार नाही, वळण नाही. गाडी काय, ताटातून वाटी सरकवल्यासारखी जाते. ड्रायव्हरला झोप नाही लागणार तर काय?" घराजवळच्या बांधावर ते रोज चढत. तो सगळ्यांत मोठा घाट. वर उभं राहून पाणी बघत आणि खाली येऊन प्रतीकला विचारत, "विमानाचं काय झालं?" प्रतीकने वकिलातीकडच्या खास विमानांच्या यादीत दोघांची नावं घातली होती. उत्तर काही येत नव्हतं.

जुलैत नियम सैल झाले. कॅम्पिंगच्या जागांवरची न्हाणीघरं उघडली आणि परदेशी जाता न येणारा अवघा डच देश मोटारीला कॅरॅव्हॅन जोडून स्वतःच्याच देशात फिरायला निघाला. प्रतीकनेही ब्रेडा गावच्या एका सहकाऱ्याची कॅरॅव्हॅन मागून आणली. पांढरी, गुबगुबीत, आत दोन शेगड्या, वाटीएवढं बेसिन आणि लेसचे पडदे.

"हे करायचं काय?" मोरेश्वररावांनी विचारलं.

"संध्याकाळी एका ठिकाणी पोचायचं बाबा. रात्री यातच राहायचं. सकाळी पुढे निघायचं."

कणीक मळणाऱ्या कुमुदिनीबाईंचा हात परातीतच थांबला.

"अरे, म्हणजे मुक्कामी गाडीच की ही!"

त्या संध्याकाळी त्यांनी अशी काही तयारी केली की ऋजुता म्हणाली, "आई, आपण चार दिवस जातोय, लग्नाला नाही." कुमुदिनीबाई लाजल्या. लग्नाला इतकी हौस नव्हती हे सुनेला कसं सांगणार? त्यांना एकच हवं होतं: नवऱ्यासोबत एक मुक्काम. पिठी, पार, भजन यांतलं काही नसलं तरी चालेल, पण त्या गाडीत आपणही असायचं.

पहिला थांबा वेलुवेच्या जंगलात. तिथे मोरेश्वररावांनी जाहीर केलं की मुक्कामाची गाडी संध्याकाळीच वळवून, तोंड रस्त्याकडे करून लावायची असते. पहाटे अंधारात कोण वळवत बसणार? कॅम्पिंगच्या नियमाप्रमाणे कॅरॅव्हॅनचं तोंड झुडपाकडे हवं होतं. पण नियम डचमध्ये होता आणि मोरेश्वरराव मराठीत होते.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे…" त्यांनी कॅरॅव्हॅनच्या पत्र्यावर थापा मारायला सुरुवात केली. थापांनी आतल्या कपाटातले पेले नाचू लागले. प्रतीक घामाघूम. जोडलेली गाडी मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे बापाला ठाऊक नव्हतं आणि लेकाच्या लक्षात राहत नव्हतं. शेजारचे डच आजोबा मदतीला धावले, पण साथीच्या नियमाप्रमाणे दीड मीटरवर येऊन थबकले. आता ते तिथून हातवारे करत ओरडत, इकडून मोरेश्वरराव थापा मारत, आणि कॅरॅव्हॅन शांतपणे झुडपात शिरली.

"बस्स!" मोरेश्वरराव म्हणाले, जणू तिथेच लावायची होती.

ऋजुता मांडीवर बाळ घेऊन हसत होती. "बाबा, एसटी कधी अशी लावलीत का?"

"एसटीला शेपूट नसतं गं पोरी. सरळमार्गी गाडी ती."

मग प्रश्न झोपण्याचा. आत जागा दोघांपुरतीच, बाकीच्यांना सोबत आणलेला तंबू. चार महिन्यांचं बाळ तंबूत झोपवायचं म्हटल्यावर कुमुदिनीबाईंनी डोळे वटारले. सबब बायका आणि बाळ कॅरॅव्हॅनमध्ये, बाप-लेक बाहेर तंबूत. निर्णय त्यांचाच. तो जाहीर केल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मुक्कामाला येऊनही नवरा पुन्हा वेगळाच.

आणि पहाटे पाचला पत्र्यावर थाप. "चला! सुटायची वेळ झाली!"

बाळ रडू लागलं. दोन-चार शेजाऱ्यांच्या पडद्यांतून डोकी बाहेर आली. ऋजुता दात आवळून म्हणाली, "बाबा, सुट्टीवर आहोत ना आपण?"

"गाडीला सुट्टी नसते."

दुसऱ्या मुक्कामी, ड्रेंथेतही तेच. माळावर जांभळी फुलं नुकती उमलत होती. शेजारच्या कॅरॅव्हॅनसमोर एक म्हातारं जोडपं खुर्च्या टाकून बसलं होतं. दोघांच्या हातात एकेक कप कॉफी, बशीत एकेक बिस्किट. कुमुदिनीबाई डाळ निवडता निवडता त्यांना निरखत राहिल्या. तास गेला, कॉफी संपली, तरी दोघं तिथेच. काही वाचत नव्हती, फारसं बोलतही नव्हती.

"काय करतायत गं ती?" त्यांनी ऋजुताला विचारलं.

"काही नाही, आई."

"तेच म्हणते मी. काहीच करत नाहीत. आणि तेसुद्धा दोघं मिळून!"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की ऋजुताने वर पाहिलं. मोरेश्वरराव तेव्हा मोटारीच्या टायरांवर हात फिरवत होते. पहाटे पाचला पुन्हा थाप. म्हातारं जोडपं कॉफीला बाहेर येईपर्यंत साळवी मंडळी दुसऱ्या प्रांतात पोचली होती.

तिसरा मुक्काम फ्रीसलँडमध्ये, तळ्याकाठी. कुमुदिनीबाईंनी ठरवलं होतं की उद्या पाचच्या थापेला दारच उघडायचं नाही. पण दुपारीच प्रतीकचा फोन टुणकन वाजला. वकिलातीचा निरोप आला होता. परवाच्या विमानात दोन जागा.

"मिळाल्या!" मोरेश्वरराव खुर्चीतून उठले ते गुडघे विसरून. "उद्या पहाटेच निघू. पाचला."

"बाबा, आल्मेरे दीड तासावर आहे. दुपारी निघालो तरी चालेल."

"पाचला!"

कुमुदिनीबाई उठल्या. भांडी घेऊन न्हाणीघराकडे गेल्या. तिथे एक सोडून एक बेसिन चिकटपट्टीने बंद केलेलं. घासलेली भांडी त्यांनी पुन्हा एकदा घासली.

संध्याकाळची जेवणं झाली, बाळाला घेऊन ऋजुता आत गेली, प्रतीक तंबूत आडवा झाला. पण उजेड काही संपेना. त्या देशात जुलैत सूर्याला घरी जायची घाईच नसते. मोरेश्वरराव तळ्याकाठी उभे होते. कुमुदिनीबाई त्यांच्याजवळ गेल्या.

"धामणकोंडला या वेळी काय चालायचं हो?"

"या वेळी? गाव झोपलेलं असायचं."

"आणि भजन?"

मोरेश्वररावांनी घसा खाकरला. पण इथे विहीर नव्हती आणि तळ्याला पाणी किती आहे ते समोरच दिसत होतं.

"भजन एकादशीला," ते म्हणाले. "कंडक्टर त्याच्या मामाकडे जायचा. मी गाडीतच, मागच्या बाकावर."

"आणि घाणेकर वहिनींची पिठी?"

"दोनदा घातली. बाई भली होती. पण रोज कोण घालणार? तुझा डबा असायचा की."

"अहो, मग मला ते सगळं…"

"तू विचारायचीस ना. डोळे एवढाले करून. म्हटलं, डास चावले आणि झोपलो, हे काय सांगायचं? मग पदरचं घालायचो थोडं थोडं."

कुमुदिनीबाईंना हसावं की भांडावं कळेना. इतकी वर्षं जिचा मत्सर केला ती सवत म्हणजे एक बाक, डास आणि आपल्याच हातची गार भाकरी!

"मग एवढी रात्र करायचात काय?"

"घरचं आठवायचो. आता कुमुदने प्रतीकला निजवलं असेल. आता मागचं दार लावत असेल. त्या दाराची कडी बसत नव्हती, आठवतं? ती तू खांद्याने दार दाबून घालायचीस. तेवढी कडी बसली असं वाटेपर्यंत मला काही झोप यायची नाही."

तळ्यावर बदकांची एक रांग गेली.  कडी घालून कुमुदिनीबाई इकडे अंथरुणावर पडत आणि धामणकोंडचा पार बघत. तिकडे नवरा तो पार सोडून त्यांचं दार बघत असे. दोघंही जिथे असायची तिथे नसायचीच.

"झोपा आता," त्या म्हणाल्या. "पाचला निघायचंय."

पहाटे त्या थापेच्या आधीच जाग्या झाल्या. इतक्या वर्षांची सवय, नवरा तिकडून निघायच्या वेळेला इकडे डोळा उघडायचा. थापेची वाट पाहत पडून राहिल्या. बाहेर उजाडलं, पक्ष्यांनी कालवा केला, थाप काही येईना. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्या दार हळूच ढकलून बाहेर आल्या.

मोरेश्वरराव पाण्याकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची उघडून ठेवलेली. तिच्यावरचं दव त्यांनी पुसलं असावं, कारण गळ्यातला मफलर ओला होता.

"बस," ते म्हणाले.

"पाच वाजून गेले की हो."

"जाऊ देत. पोरं झोपलीत."

त्या बसल्या. तळ्यावर पांढरं धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. दोघं काहीच करत नव्हती. बऱ्याच वेळाने कुमुदिनीबाई म्हणाल्या, "गावी गेलो की मला धामणकोंडला न्या."

"तिथे काही नाही गं. सांगितलं ना काल? आणि आता मुक्काम नाही. संध्याकाळची गाडी लगेच परत फिरते."

"आपण उतरून राहू. शाळेच्या पडवीत राहू. तुमचा तो बाक नाही तर नाही."

मोरेश्वररावांनी गुडघा चोळला. ही टाळेबंदी, हे वय, आणि गेल्यावर पुन्हा घरात कोंडून घेणं. कधी जमणार, जमणार तरी का, कोणालाच माहीत नव्हतं. पण त्यांनी ते काही काढलं नाही. खुर्ची थोडी तिच्याकडे सरकवली.

"डाव्या बाजूची खिडकी धर," ते म्हणाले. "स्टँडवरून निघालं की पहिला पूल. तो गेला की चढ लागतो. तिथे गाडी दुसऱ्या गिअरात टाकायची आणि मन मोठं ठेवायचं. मग आंब्याचं वळण. तिथे हॉर्न दिलाच पाहिजे, पलीकडून कोणी येत नसलं तरी…"

तंबूची चेन सरकली. प्रतीकने डोकं बाहेर काढलं आणि घड्याळाकडे बघत तो काहीतरी विचारणार, तोच कुमुदिनीबाईंनी मागे न वळता हात वर करून त्याला थांबवलं. गाडी अजून घाटात होती.