बॅनर बंद ठेवलेले तीन आठवडे

मोबाइलवर बातमी वाचताना खाली जाहिरातीची पट्टी येते, तिला बॅनर म्हणतात. तो किती जणांना दिसला, किती जणांचं बोट त्यावर पडलं आणि त्यामुळे खरंच कोणी काही केलं का, हे मोजायचं काम सरिता गजभिये नागपुरातल्या एका लहानशा जाहिरात कंपनीत करायची. सहा वर्षं झाली होती.

तिचा धाकटा भाऊ अंकुश सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानं एकोणिसाव्या वर्षी गेला. आईवडील दोघंही या आजाराचे वाहक होते आणि लग्नाआधी त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून सिकलसेलची तपासणी करणाऱ्या एका ट्रस्टची जाहिरात कंपनीकडे आली, तेव्हा ते काम सरितानं मागून घेतलं. ‘लग्न जमलंय? आधी दोघांचंही रक्त तपासा,’ असा तो बॅनर. दोन वर्षं क्लिक वाढत गेले. कंपनीचे मालक हर्षितसर खूश होते.

एका दुपारी तिनं हे क्लिक येतात कुठून, ते खोदून पाहिलं. बहुतेक सगळे लहान मुलांच्या एका गेममधून आलेले. जाहिरात बंद करायची फुली इतकी बारीक, की फुलीवर जाणारं बोट जाहिरातीवरच पडायचं. पान उघडायचं आणि दुसऱ्या क्षणी बंद व्हायचं. दोन वर्षं आपण लेकरांची चुकलेली बोटं मोजत बसलो की काय?

ती ट्रस्टच्या डॉक्टर नंदिनी यांच्याकडे गेली. ट्रस्टची बारा केंद्रं होती, काही शहरात, काही तालुक्याच्या गावी. सरिता म्हणाली, “सहा केंद्रांच्या भागातल्या मोबाइलवर बॅनर चालू ठेवू, बाकीच्या सहांच्या भागात तीन आठवडे बंद. मग कुठे किती लोक येतात ते पाहू.”

“आणि बॅनर पाहूनच लोक येत असले तर?” डॉक्टरांनी विचारलं. “बंद असलेल्या सहा ठिकाणी तीन आठवड्यांत किती लग्नं लागतील?”

सरिता म्हणाली, “नाही मोजलं तर दोन वर्षांनीही आपण इथंच असू, मॅडम.”

चिठ्ठ्या टाकल्या. बंदच्या सहा चिठ्ठ्या तिनंच उचलल्या. तिसरी नागपूरजवळच्या काटोलची निघाली.

नवव्या दिवशी काटोलहून तिच्या मावसबहिणीचा, मायाचा फोन आला.

“ताई, माझं जमलं! पुढच्या महिन्यात मंगलपरिणय आहे.”

“दोघायनं रक्त तपासलं काय वं?”

“काहून? आमाले काय झालं?”

“वाहकाले काहीच होत नाही वं. पण दोघंही वाहक निघाले तं लेकराले होते. उद्याच जा. त्यालेही घेऊन जा, सोडू नको.”

तिनं फोन ठेवला. आपल्या बहिणीला आपण सांगितलं. काटोलमधल्या बाकीच्या मुलींना कोण सांगणार? समोर स्क्रीनवर काटोलचं नाव होतं आणि एक बटण दाबलं की बॅनर सुरू झाला असता. तिनं डॉक्टरांना फोन लावला. “मॅडम, मी चालू करते.”

“करतेच म्हणालीस तर मी अडवणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण मग काहीच कळणार नाही, आणि हे नऊ दिवस ज्यांना बॅनर दिसला नाही, त्यांचे ते दिवस फुकटच गेले.”

तिनं बटण दाबलं नाही. पुढचे बारा दिवस तिला जेवण गेलं नाही. तासातासाला ती केंद्रांची नोंद उघडून पाहायची. एका शनिवारी सुट्टी टाकून बसनं काटोलला गेली आणि केंद्रासमोरच्या बाकावर बसून राहिली. कोणी जोडपं आत गेलं की तिला हायसं वाटायचं. पाऊण तास कोणीच आलं नाही तेव्हा ती उठून रस्त्याच्या टोकापर्यंत पाहून आली.

बाविसाव्या दिवशी आकडे आले. बॅनर चालू होता तिथं दोनशे चौदा लोक आले. बंद होता तिथं दोनशे अकरा. त्यातून माया आणि तिचा होणारा नवरा, हे दोघं तिनं वजा केले, कारण त्यांना तिनंच पाठवलं होतं. दोनशे नऊ. आधीच्या तीन आठवड्यांतही दोन्हीकडे जवळपास इतकेच आले होते. बॅनर असला काय, नसला काय, फरक नव्हता. कसं कळलं, या रकान्यात बहुतेकांनी लिहिलं होतं, ‘आशाताईंनी सांगितलं.’ आशाताई म्हणजे वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या.

आपण कोणाचं नुकसान केलं नाही, म्हणून तिला रडू आलं. आणि दोन वर्षं आपल्या कामानं कोणाचंच भलं झालं नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं होतं.

माया वाहक निघाली. होणारा नवरा नव्हता. लग्न ठरल्या दिवशीच लागलं.

हर्षितसरांनी रिपोर्ट वाचला आणि खुर्ची मागे सरकवली. “सरिता, नऊ हजार क्लिक आहेत. तेवढंच दाखव ना. केंद्रावर किती गेले, ते कोण विचारून राहिलं?”

“मॅडम विचारून राहिल्या, सर.”

“तूच डोक्यात घातलं ना त्यांच्या!”

तिनं पूर्ण रिपोर्ट पाठवला. ट्रस्टनं बॅनर बंद केला. त्यानंतर कंपनीत एकेक काम तिच्या हातून काढून दुसऱ्यांकडे गेलं, आणि दोन महिन्यांनी तिनं स्वतःच राजीनामा दिला.

महिनाभरानं डॉक्टर नंदिनींनी बोलावलं. आशाताईंनी लग्न जमलेल्या घरी स्वतः जाऊन सांगितलं तर किती फरक पडतो, हे त्यांना मोजायचं होतं. चाळीस गावं होती. वीस गावांत भेटी, वीस गावांत नाही.

“एक अट आहे,” सरिता म्हणाली. “या महिन्यात जी वीस राहतील, तिथं पुढच्या महिन्यात गेलंच पाहिजे. आकडे काहीही येवोत.”

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून खाली सही केली.

काम सुरू झालंय. पुढच्या महिन्यापर्यंत थांबलेल्या वीस गावांची यादी सरिता पर्समध्ये घेऊन फिरते, आणि त्यातल्या एखाद्या गावच्या लग्नाची बातमी कानावर आली की ती सांगायला निघावं तशी जागची उठून उभी राहते.