न उघडलेली बाटली

महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत मी शहापुरात मास्तर होतो. उंबरमाळीकडची एक बाई आमच्या दारी लाकडाची मोळी घेऊन यायची. मोळी उतरवली की पदराने मान पुसायची. त्या मानेवर गाठ होती. माझ्या बायकोलाही तशीच, त्याच बाजूला. बायकोने मुंबईच्या डॉक्टरच्या औषधाची एक बाटली तिलाही दिली.

मुंबईच्या खेपा घालूनही बायको वर्षभरात गेली. पुढे भातं झोडून झाल्यावर ती बाई बाटली परत करायला आली. बूचसुद्धा काढलेलं नव्हतं. मान मात्र साफ होती.

"कुठल्या देवाला नवस केलास?" मी विचारलं.

"नाय वो मास्तर. आवणी आली, मंग कापणी आली. बघाया सवडच नाय झाली. एक दिस हात लावला तर गाठ नाय."

सांगताना ती ओशाळली होती, जणू आमच्या घरातलं काही तिने उचलून नेलं होतं. मलाही तसंच वाटलं.

नंतर कैक वर्षं मी तिच्याकडूनच मोळी घेतली. लाकूड ओलं की सुकं, कधी पाहिलं नाही. आधी तिची मान पाहायचो. गाठ नसायची, आणि माझा तो दिवस वाईट जायचा.